आत्तीच्या तंबोऱ्यासाठी परत १०.३.३ वर

आत्तीचा फोन आला तेव्हा मी नुकताच शिरोली एमआयडीसीतून घरी येऊन जेवायला बसलो होतो. "बाळा, तंबोरा उघडंना झालाय. दाबलं की इंग्रजीत कायतरी येतंय आणि बंद पडतंय." मी विचारलं, फोन कुठं दिला होतास का? "बॅटरी फुगली होती की. परवा बदलून आणली." घास तसाच हातात राहिला. दुकानातल्या पोरानं बॅटरी बदलून फोन चालू केला असणार, अपडेटची सूचना आली असणार आणि त्यानं ते करून दिलं असणार. चांगल्या मनानंच, वर त्याचे वेगळे पैसेही न घेता.

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहते, चाळीस वर्षं गाणं शिकवते. तिच्याकडं एक आयफोन ५एस आहे. बोलायला दुसरा साधा फोन आहे, हा फक्त तंबोऱ्यासाठी. त्याला वायरनं स्पीकर जोडलेला असतो आणि तो देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असतो. घरात सगळे त्याला तंबोराच म्हणतात.

खरा तंबोराही तिच्याकडं होता, मिरजेचा, वडिलांनी करून आणलेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेत शिरलं तेव्हा आम्ही आत्तीला आणि तिच्या कपाटातल्या वह्यांना बाहेर काढलं, तंबोरा राहिला. पाणी उतरल्यावर पाहिलं तर भोपळा भिजून जोड सुटलेले. मिरजेला नेऊन दुरुस्त केला. कारागिरानं जीव ओतून काम केलं, पण आत्तीनं तारा छेडल्या आणि हळूच म्हणाली, "आवाज आला, आस गेली." आस म्हणजे तार छेडल्यावर मागं रेंगाळणारा नाद. तेव्हापासून तिची सगळी भिस्त फोनमधल्या तंबोऱ्यावर.

ते ॲप एका माणसानं एकट्यानं बनवलेलं. विकत घेतलं होतं २०१४ मध्ये, त्यानंतर त्याला एकही नवी आवृत्ती आली नाही. पण त्यात प्रत्येक तार वेगळी लावता यायची, अगदी केसाइतकी वर-खाली. पहिली तार पंचमात, मालकंसाला मध्यमात, मारव्याला निषादात. आत्तीनं एकेका विद्यार्थ्याच्या नावानं स्वर साठवून ठेवले होते. स्वतःचे दोन: आधीची काळी चार आणि वय झालं तसा आवाज उतरल्यावरची पांढरी पाच. दुसरी ॲप्स मी तिला लावून दिली होती. एकात दर थोड्या वेळानं जाहिरात वाजायची. रियाजाच्या मध्ये जाहिरात वाजली की काय होतं हे गाणाऱ्यालाच विचारावं. तिनं ते ॲप दुसऱ्या दिवशी काढायला लावलं.

हे ॲप ३२ बिटचं होतं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या चिपसाठी लिहिलेलं. ५एस हा ६४ बिटच्या चिपवर आलेला पहिलाच फोन, २०१३ चा, पण त्यावर ३२ बिटची ॲप्स चालायची. आयओएस, म्हणजे आयफोनची सिस्टिम, तिची १०.३ ही आवृत्ती आल्यावर ती ॲप्स उघडताना एक इशारा यायला लागला की पुढच्या आवृत्तीत हे चालणार नाही. १९ सप्टेंबर २०१७ ला आयओएस ११ आलं आणि ३२ बिटचा आधार खरोखरच गेला. मी आत्तीला आधीच बजावलं होतं, "अपडेट विचारलं की नंतर म्हणायचं." जवळजवळ सात वर्षं ती 'नंतर' म्हणत आली. फोन १०.३.३ वर थांबला होता. आता सेटिंगमध्ये पाहिलं तर १२.५.७.

माझं काम कारखान्यात मशीन दुरुस्तीचं. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकुमावर चालणाऱ्या मशीनच्या पॅरामीटरची प्रत कार्डावर काढून कपाटात ठेवायची ही आमची पहिली शिकवण. मशीनमधली छोटी बॅटरी संपली की सगळे आकडे पुसले जातात. कार्ड असेल तर दोन तासांत मशीन उभं राहतं, नसेल तर लाइन थांबते. नवीन प्रोग्राम बिघडला की कार्ड लावायचं आणि जुना चढवायचा. कुणाला विचारावं लागत नाही. फोनच्या बाबतीत मात्र विचारावं लागतं, आणि कसं विचारावं लागतं ते समजून घेण्यात माझे पुढचे दोन आठवडे गेले. म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

आयफोनवर कुठलीही सिस्टिम चढवताना फोन आधी ॲपलच्या सर्व्हरकडं सही मागतो. त्या मागणीत तीन गोष्टी महत्त्वाच्या. एक, ईसीआयडी, म्हणजे त्या एकाच फोनच्या चिपचा क्रमांक. दोन, कुठली आवृत्ती चढवायची आहे ते. तीन, नॉन्स, म्हणजे फोननं त्या घटकेला तयार केलेला आकडा. सर्व्हर बघतो की ही आवृत्ती अजून खुली आहे का. असेल तर या तिन्हींवर मिळून सही करून देतो. फोनचं बूटलोडर, म्हणजे चालू होताना सिस्टिम उचलणारा छोटा प्रोग्राम, ती सही तपासतं आणि मगच पुढं जातं. खरेदीखताला दुय्यम निबंधकाचा शिक्का लागतो तसंच हे आहे. शिक्का याच गटाला, याच माणसाच्या नावानं, याच तारखेचा. शेजाऱ्याच्या दस्तावरचा शिक्का आपल्याला चालत नाही आणि कालचा आज चालत नाही.

नवी आवृत्ती आली की जुनी काही दिवस खुली राहते आणि मग बंद होते. १०.३.३ ची नेहमीची सही ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद झाली. मी तरीही मूळ फाइल उतरवली, १४जी६० क्रमांकाची, दोन जीबीच्या आसपास, आणि आयट्यून्स या ॲपलच्या संगणकावरच्या प्रोग्राममधून चढवून पाहिली. अपेक्षेप्रमाणं उत्तर आलं की हा फोन या आवृत्तीला पात्र नाही. फाइल खरी, फोन तोच, दोन आठवड्यांपूर्वी हीच आवृत्ती त्यावर चालत होती. फक्त सही नाही.

इथं मला स्वतःची एक चूक लिहिली पाहिजे, कारण ती मला फार लागली. ही सही फाइल म्हणून आधीच उतरवून ठेवता येते. ज्यांना माहीत असतं ते तिला ब्लॉब म्हणतात. २००९ मध्ये आयफोन ३जीएसच्या वेळी ही पद्धत सुरू झाली तेव्हा सहीत नॉन्स नव्हता. एकदा सही साठवली की तीच पुन्हा दाखवून जुनी आवृत्ती चढवता यायची. जे फ्रीमन यांनी सिडिया या त्यांच्या, ॲपलच्या परवानगीबाहेरच्या ॲप्सच्या दुकानाच्या सर्व्हरवर हजारो लोकांच्या फोनच्या सह्या साठवून ठेवायची सोय केली होती. २०११ मध्ये आयओएस ५ बरोबर नॉन्स आला आणि साठवलेली सही नुसती दाखवून भागेना. मग उपाय निघाला की सही मागतानाच एक ठरावीक बीज, ज्याला जनरेटर म्हणतात, ते नोंदवून ठेवायचं आणि नंतर फोनमध्ये तेच बीज बसवायचं, म्हणजे फोन तोच नॉन्स तयार करेल. सही साठवायला टीएसएसचेकर आणि ती वापरायला फ्यूचरिस्टोर ही साधनं याच विचारातून आली.

२०१७ मध्ये मी माझ्या आयफोन ६ ची १०.३.३ ची सही साठवली होती. आत्तीच्या फोनची नाही. पाच मिनिटांचं काम होतं. दोन्ही फोन त्या रविवारी एकाच टेबलावर होते. पण तिचा फोन आपण अपडेट करणारच नाही, मग सही कशाला, असं मला तेव्हा वाटलं. आपण करणार नसलो तरी दुसरा कुणीतरी करेल, हे सुचलं नाही.

माझ्या फोनची सही तरी काय कामाला आली? आयफोनच्या चिपमध्ये एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो, सिक्युअर एन्क्लेव्ह, बोटाचा ठसा आणि पासकोड सांभाळणारा. त्याची स्वतःची फर्मवेअर, म्हणजे आतली छोटी सिस्टिम असते, तिलाही सही लागते, आणि ब्लॉब साठवून तिची मागची आवृत्ती चढवता येत नाही. आज जी खुली आहे तीच घ्यावी लागते. आयओएस १० ला आजची फर्मवेअर जुळत नाही. म्हणजे आयफोन ६ ची माझी फाइल अजून पेनड्राइव्हवर आहे आणि तिनं काही उघडत नाही. ॲपलच्या ए१२ आणि त्यापुढच्या नव्या चिपवर तर नॉन्स फोनच्या आतल्या गुप्त किल्लीत मिसळलेला असतो. तिथं त्या फोननं दिलेली नॉन्स-बीजाची जोडी आधी वाचून मगच सही साठवावी लागते, नाहीतर फाइल बिनकामाची. कुणी म्हणालं की ब्लॉब आहेत म्हणजे झालं, तर सिक्युअर एन्क्लेव्हचं काय आणि बीजाचं काय, हे दोन प्रश्न त्याला जरूर विचारावेत.

आत्तीला मी सांगितलं, बहुतेक जमणार नाही. ती काही बोलली नाही. संध्याकाळच्या मुलींना तिनं त्या दुरुस्त केलेल्या तंबोऱ्यावर बसवलं.

मग वाचता वाचता वाट सापडली, आणि ती नेमकी ५एसलाच लागू होती. फोनवरच्या सेटिंगमधून होणाऱ्या अपडेटसाठी ॲपल वेगळी सही देतं. १०.३.३ ची ही दुसऱ्या दारातली सही ए७ चिपच्या तीन उपकरणांसाठी खुली राहिली आहे: आयफोन ५एस, पहिला आयपॅड एअर आणि आयपॅड मिनी २. सिक्युअर एन्क्लेव्हची त्या काळची फर्मवेअरही त्या सहीत येते, त्यामुळं ठसासुद्धा चालतो. जुन्या आयफोन ४एसला ६.१.३ आणि ८.४.१ अशीच खुली राहिली आहेत. पण ही सही आयट्यून्समधून वापरता येत नाही. त्यासाठी फोनचं सुरुवातीचं बूटलोडर थोडा वेळ आपल्या ताब्यात घ्यावं लागतं. ते शक्य झालं २७ सप्टेंबर २०१९ ला, जेव्हा ॲक्सिओमएक्स या नावानं काम करणाऱ्या संशोधकानं चेकएम८ प्रसिद्ध केलं. ए५ पासून ए११ पर्यंतच्या चिपमध्ये बूटरॉमला ही फट आहे. बूटरॉम चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला असतो, अपडेटनं बदलत नाही. म्हणून ती फट त्या फोनच्या आयुष्यभर राहणार. केबल लावूनच वापरता येते आणि फोन बंद करून चालू केला की परिणाम जातो.

हे सगळं एकत्र बांधणारं एक मोफत साधन आहे, लेगसी आयओएस किट. सगळी कळ त्यात आहे, पण मी घाई केली नाही, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या अँड्रॉइड फोनचं काय झालं ते डोळ्यासमोर होतं. अपडेटनंतर त्याचा फोन तापायचा, म्हणून दुकानात जुनी सिस्टिम मारायला दिला. फोन गेला तो गेलाच, डबा झाला. अँड्रॉइडमध्ये मागं न जाऊ देण्याची रीत वेगळी आहे. व्हेरिफाइड बूटमध्ये, म्हणजे चालू होताना सिस्टिम तपासायच्या सोयीत, प्रत्येक आवृत्तीला एक चढता आकडा असतो आणि फोन तो सुरक्षित जागी नोंदवून ठेवतो. काही फोनमध्ये तर चिपमधला फ्यूजच जाळला जातो आणि तो परत जोडता येत नाही. नोंदीपेक्षा कमी आकड्याची सिस्टिम आली की फोन ती नाकारतो. काही फोनवर बूटलोडरच कमी आकड्याचं चढलं तर नाकारायलाही काही शिल्लक राहत नाही. काही फोनवर चढवण्याआधी तो आकडा वाचायला फास्टबूट या संगणकावरच्या साधनाची एक ओळ पुरते. त्या दुकानात ती ओळ कुणी टाकली नव्हती.

५एसमध्ये एवढी भीती नव्हती. अर्ध्यात बिघडलं तरी १२.५.७ ची सही खुली होती, पुन्हा तिथं येता आलं असतं. पण फोन पूर्ण पुसला जाणार होता. म्हणून केबल लावायच्या आधी मी कागदावर यादी केली: ॲपल आयडी, ॲपची फाइल, आत्तीचे स्वर.

ॲपल आयडी २०१४ मध्ये तिच्या एका विद्यार्थिनीनं काढून दिला होता. तो नसेल तर फोन पुसल्यावर तो आपलाच फोन आपल्याला आत घेत नाही. आत्तीनं तीन वह्या काढल्या. तिसऱ्या वहीत, यमनच्या बंदिशीखाली, पेन्सिलीनं लिहिलेला पासवर्ड निघाला. मी आधी तो चालतो का ते पाहिलं आणि मग 'माझा फोन शोधा' बंद केलं.

ॲपची फाइल हा खरा प्रश्न होता. ॲपलच्या ॲप स्टोअरमधून ते ॲप कधीच काढलेलं. पण माझा जुना लॅपटॉप घरी माळ्यावर होता, त्यात आयट्यून्स १२.६. सप्टेंबर २०१७ च्या १२.७ मध्ये ॲप्स सांभाळायची सोयच काढून टाकली गेली. माझा लॅपटॉप तेव्हा बिघडून पडला होता आणि नंतर कधी नेटला लागलाच नाही, म्हणून त्याचं आयट्यून्स तसंच राहिलं. 'मोबाइल ॲप्लिकेशन्स' या फोल्डरात .आयपीए, म्हणजे ॲपचीच फाइल होती. शेजारी आत्तीच्या फोनचा २०१८ च्या दिवाळीतला बॅकअपही होता. तो महत्त्वाचा, कारण १२.५.७ वर काढलेला बॅकअप १०.३.३ वर बसत नाही. उलट चालतं, सुलट नाही. मी सगळ्यात आधी त्या लॅपटॉपमधलं हे सगळं दोन पेनड्राइव्हवर घेतलं. पंख्याचा आवाज असा येत होता की पुन्हा चालू होईल याची खात्री नव्हती.

२०१८ नंतर आत्तीनं भरलेले स्वर जुन्या बॅकअपमध्ये नव्हते. म्हणून आताच्या १२.५.७ चाही बॅकअप काढला. ॲप उघडत नसलं तरी त्याची माहिती फोनमध्ये होती. बॅकअपच्या फोल्डरात फाइलींची नावं ओळखू न येणारी असतात, पण कुठली फाइल कशाची याची नोंद असलेला एक डेटाबेस असतो. त्यावरून ॲपच्या सेटिंगची फाइल शोधली आणि नवीन अकरा नोंदी वहीच्या पानावर उतरवल्या. नाव, षड्ज, चारही तारांचे आकडे.

मग रविवार. फोन डीएफयूत, म्हणजे सिस्टिम चालू न होता तो नुसता केबलवरून हुकूम घेतो त्या अवस्थेत, घालणं हे हाताचं काम आहे. पॉवर आणि होम एकदम दाबून दहा सेकंद, मग पॉवर सोडायचं, होम धरून ठेवायचं. ॲपलचं सफरचंद दिसलं तर चुकलं. पडदा काळाच राहिला आणि संगणकानं उपकरण ओळखलं तर बरोबर. माझ्या डेस्कटॉपवर, लिनक्सवर, फोन डीएफयूत जायचा पण चेकएम८ लागायचं नाही. सात वेळा केलं. केबल बदलली, मागचा पोर्ट घेतला. फोन प्रत्येक वेळी अडकायचा, मग पुन्हा दोन्ही बटणं दाबून सोडवायचा. आत्तीकडून फोन आला, "झालं काय रे?" मी म्हणालो, अजून नाही.

संध्याकाळी मी पेनड्राइव्ह आणि फोन घेऊन राजारामपुरीत गेलो. तिथं माझा एक शाळेतला मित्र लग्नाचे अल्बम डिझाइन करतो, त्याच्याकडं इंटेलचा जुना मॅक आहे. त्यानं खुर्ची दिली, वर चहा मागवला. यूएसबी-सी वाली नको, जुन्या रुंद पिनेची केबल वापर, असं मी वाचलं होतं, तीच नेली होती. दुसऱ्या प्रयत्नात लागलं. पडद्यावर चिपचा क्रमांक, ईसीआयडी आणि शेवटी 'पीडब्ल्यूएनडी' हा शब्द. मित्रानं विचारलं हे काय, मी म्हणालो, दार उघडलं.

पुढचं साधन स्वतः करतं. बूटलोडरचे दोन बदललेले टप्पे पाठवतं, फोनकडून नॉन्स घेतं, ॲपलकडं १०.३.३ ची ती दुसऱ्या दारातली सही मागतं, ती येते, मग चढवायला सुरुवात. काळ्या खिडकीत ओळी पळत होत्या. मध्येच लाइट गेली. मित्राकडं इन्व्हर्टर होता, मॅक बंद पडला नाही, राउटर मात्र गेला. मी श्वास रोखून बसलो. पण सही त्याआधीच आलेली होती, बाकीचं सगळं केबलमधून चाललं होतं. फोनवर पांढरी पट्टी हळूहळू भरली. शेवटची ओळ आली: रिस्टोर यशस्वी. आणि मग तो जुना 'हॅलो', निरनिराळ्या भाषांत.

राउटर आल्यावर फोन सक्रिय केला. वहीतला पासवर्ड टाकला. अंगठा ठेवून पाहिला, ठसा घेतला. सेटिंगमध्ये १०.३.३, १४जी६०. मी त्याचा फोटो काढला आणि आत्तीला पाठवला नाही, कारण तंबोरा अजून वाजला नव्हता.

माळ्यावरच्या लॅपटॉपनं त्या रात्री पुन्हा साथ दिली. २०१८ चा बॅकअप चढवला, त्याच्यातल्या .आयपीए फाइलीतून ॲप आलं. उघडताना तोच जुना इशारा, की पुढं चालणार नाही. खाली 'ठीक आहे'. दाबलं. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज.

दुसऱ्या दिवशी आत्तीकडं बसून अकरा नोंदी भरल्या. मी आकडे वाचायचे, ती भरायची, मग डोळे मिटून ऐकायची. दोन ठिकाणी तिनं कागदावरचा आकडा बदलला. "हे मीच चुकीचं लावलं होतं तेव्हा. आता ऐकू आलं बघ," म्हणाली.

या सगळ्याचा माझ्या मनावर एक परिणाम झाला आहे आणि तो मी मोकळेपणानं लिहितो. मागं जाण्याची वाट बंद ठेवण्यामागं खरं कारण आहे. चोरलेल्या फोनवर जुन्या फटीची सिस्टिम चढवून आतली माहिती काढता येऊ नये, हे मला पटतं. बँकेचा फोन मी स्वतः नेहमी अद्ययावत ठेवतो. आत्तीच्या ५एसमध्ये म्हणूनच आता सिम नाही, वाय-फाय बंद आहे, कुठलंही खातं नाही. पण ज्या फोनला कंपनी पुढची मोठी आवृत्ती कधीच देणार नाही, त्याच्या जुन्या आवृत्त्या मालकाच्या मागणीवर सही करून द्यायला काय हरकत आहे? फोन पूर्ण पुसूनच चढवायच्या, ॲपल आयडीची अट तशीच ठेवायची. चोराला त्यातून काही मिळत नाही. ५एसच्या बाबतीत हे सात वर्षं चाललंच आहे की, आणि त्यातून आकाश कोसळलेलं नाही.

ही सही उद्या बंद होऊ शकते. म्हणून त्याच आठवड्यात मी टीएसएसचेकरनं आत्तीच्या फोनची ती सही बीजासकट उतरवून ठेवली. चेकएम८ची फट जात नाही, त्यामुळं तेच बीज बसवून ही फाइल पुढंही वापरता यावी. तिच्याबरोबर १४जी६०ची मूळ फाइल, किटची त्या दिवसाची प्रत, .आयपीए आणि नवीन बॅकअप, आता १०.३.३ वर काढलेला. प्रत्येक फाइलची चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा, मी एका मजकूर फाइलमध्ये लिहिली, म्हणजे पुढं कुठली खराब झाली तर कळेल. कारखान्यातल्या कार्डांना लावतो तसंच लेबल लावलं.

दुकानातल्या पोरालाही भेटून आलो. भांडायला नाही. त्याला मी सगळं दाखवलं, त्यानं नीट ऐकलं. आता तो बॅटरी बदलायला आलेल्याला आधी विचारतो, अपडेट करू का नको. गेल्या महिन्यात त्यानं माझ्याकडं एका शिक्षकांना पाठवलं, त्यांच्याकडं आयपॅड मिनी २ आहे आणि त्यात मुलांच्या चित्रांचं एक जुनं ॲप. त्यांचा अजून १०.३.३ वरच आहे. मी आधी त्यांचा ईसीआयडी लिहून घेतला, सही उतरवली, मग चहा घेतला.

पेनड्राइव्हच्या तीन प्रती आहेत. एक माझ्याकडं, एक राजारामपुरीतल्या मित्राकडं. तिसरी धाकट्या आत्याच्या घरी सागरमाळला ठेवली आहे, तिथं पंचगंगेचं पाणी येत नाही. फोनच्या मागं आत्तीनं स्वतः चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्या गोल अक्षरात लिहिलं आहे: फक्त बॅटरी बदलावी. बाकी काही करण्याआधी भाच्याला फोन करावा. खाली माझा नंबर.